फायलीतलं एक प्रश्नचिन्ह: माझ्या जर्मन नागरिकत्वाच्या वकीलबाईंबद्दल

माझ्या फायलीच्या ४७व्या पानावर समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "वास्तव्यात खंड?" आणि तारीख. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, कागदोपत्री पुराव्यासकट होतं, पण मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या एका प्रश्नचिन्हावर माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज कित्येक महिने पडून राहिला. ते पान माझ्या वकीलबाईंनी मागवून वाचलं नसतं, तर बहुधा आजही पडून असता. हा अभिप्राय त्यांच्या कामाबद्दल आहे. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, शहराचंही नाही. नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या ज्या सरकारी खात्याबद्दल मला इथे तक्रारीचं लिहायचंय, त्याच खात्यात त्यांना रोज इतरांची कामं घेऊन जावं लागतं.

मी नर्स आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये जर्मनीत आले. आधी भारतातल्या पदवीला मान्यता मिळवण्यासाठीचं प्रशिक्षण, मग रुग्णालयात पक्की नोकरी, मग कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला इथे नीडरलासुंग्सएरलाउब्निस म्हणतात. नागरिकत्वाचा विचार आम्ही नवराबायकोनं लांबच ठेवला होता. आठ वर्षांची अट होती, म्हणजे मला २०२६ उजाडावं लागणार होतं. २७ जून २०२४ ला नवा कायदा लागू झाला, आठाची पाच वर्षं झाली आणि वॉर्डमध्ये दुसरा विषयच राहिला नाही. माझी भाषेची परीक्षा आधीच झालेली होती. नागरिकत्वाला बी-वन ही पातळी पुरते, नर्सच्या मान्यतेसाठी मी तिच्या वरची बी-टू केलेली होती. नागरिकत्वाची चाचणी राहिली होती. तेहतीस प्रश्न, त्यांतले सतरा बरोबर यावे लागतात, आणि सगळे ३१० प्रश्न आधीच जाहीर केलेले असतात. रात्रपाळीच्या मधल्या सुटीत मी ते पाठ केले. माझे एकतीस बरोबर आले. चाचणीचं शुल्क २५ युरो.

इथपर्यंत सगळं माझं मी केलं होतं. चूक पुढे झाली.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मला भीती वाटली. सलग पाच रात्री झालेल्या होत्या, फॉर्मची भाषा सरकारी, आणि मोबाईलवर सतत एका सल्लागार कंपनीची जाहिरात येत होती. शंभर टक्के हमी, स्वतंत्र केस मॅनेजर, आपल्या भाषेत बोलणारी माणसं. ४९० युरो भरले. त्यांनी माझ्याकडून फोनवर माहिती घेतली, फॉर्म भरला आणि मी सही केली. न वाचता केली असं नाही, पण जसं वाचायला हवं होतं तसं वाचलं नाही. परदेशातल्या मुक्कामांच्या रकान्यात त्यांनी एक ओळ टाकली होती: १० जानेवारी ते २२ ऑगस्ट २०२२, भारत, कौटुंबिक कारण.

ती ओळ खरी नव्हती. त्या वर्षी माझे वडील आजारी होते. १० जानेवारीला मी बिनपगारी रजा घेऊन गेले आणि २० मेला परत आले. आल्यावर वॉर्डात कामाला लागले. जूनमध्ये वडील गेल्याचा फोन आला, १४ जूनला पुन्हा निघाले, आईपाशी राहिले आणि २२ ऑगस्टला परतले. म्हणजे दोन मुक्काम, एक १३० दिवसांचा आणि एक ६९ दिवसांचा. मधले पंचवीस दिवस मी जर्मनीत होते. सल्लागार कंपनीनं दोन्ही जोडून २२४ दिवसांचा एकच मुक्काम केला.

जर्मन नागरिकत्व कायद्याच्या १२ब कलमात स्पष्ट म्हटलंय की सहा महिन्यांपर्यंत परदेशात राहिल्यानं इथलं वास्तव्य तुटत नाही. त्याहून जास्त राहायचं असेल तर परदेशी नागरिकांच्या खात्यानं आधी मुदत ठरवून दिलेली असावी लागते आणि त्या मुदतीत परत यावं लागतं. मी अशी मुदत कधी मागितलीच नव्हती, कारण मला तिची गरजच नव्हती. पण कागदावर मात्र मी साडेसात महिने गायब होते.

अर्ज ८ जुलै २०२४ ला गेला, सोबत २५५ युरो शुल्क. नोव्हेंबरमध्ये शेवटच्या तीन पगारपत्रकांची मागणी आली, मी आठवड्यात पाठवली. मग काहीच नाही. फेब्रुवारीत दोन ईमेल केल्या, दोन्हींना तेच छापील उत्तर आलं की विचारणा करू नये, त्यानं सर्वांच्या कामाला उशीर होतो. सल्लागार कंपनीच्या केस मॅनेजरनं सांगितलं की आमचं काम अर्ज दाखल होईपर्यंतच होतं. हमीचं काय, विचारल्यावर त्यांनी हमी अर्ज स्वीकारला जाण्याची होती असं उत्तर दिलं. नागरिकत्व मिळेल अशी हमी कुणालाच देता येत नाही, निर्णय खात्याचा असतो. हे मला तेव्हा उमगायला हवं होतं.

वकिलाकडे जाण्याआधी मी एका मोफत सल्लाकेंद्रात गेले. बाहेरून आलेल्या प्रौढांसाठी सरकारच्या पैशातून अशी केंद्रं जर्मनीभर चालतात, कारितास, डिआकोनी, आवो, रेड क्रॉस अशा संस्था ती चालवतात. तिथल्या बाईंनी तासभर माझे कागद पाहिले आणि सांगितलं की अर्ज पूर्ण दिसतोय, आता वकील बघ, न्यायालयात आम्ही तुझ्या बाजूनं उभे राहू शकत नाही. दोन गोष्टी त्यांनी शिकवल्या, त्या लिहून ठेवते. एक, स्थलांतर कायद्यातला विशेषज्ञ वकील अशी अधिकृत पदवी असते, फाखआनवाल्ट फ्युअर मिग्रात्सिऑन्सरेश्ट, ती असलेला माणूस शोध. दोन, वकिलांच्या संघाची सरकारमान्य यादी इंटरनेटवर आहे, तिच्यात नाव सापडत नसेल तर तो माणूस वकील नाही, त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. मी घरी येऊन पहिल्यांदा सल्लागार कंपनीच्या मालकाचं नाव शोधलं. नव्हतं.

वकीलबाईंची पहिली भेट मार्च २०२५ मध्ये झाली. पहिल्या सल्ल्यासाठी वकील सामान्य ग्राहकाकडून जास्तीत जास्त १९० युरो आणि त्यावर कर घेऊ शकतो, म्हणजे २२६ युरो १० सेंट. त्यांनी तेवढेच घेतले आणि पुढे काम त्यांना दिलं तेव्हा ही रक्कम एकूण फीमधून वजा केली. ज्यांचं उत्पन्न फार कमी आहे त्यांना स्थानिक न्यायालयातून सल्ल्यासाठी एक पत्र मिळतं आणि मग वकिलाला फक्त १५ युरो द्यावे लागतात. मला ते लागू नव्हतं, पण आमच्या वॉर्डात सफाईचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीला याच वकीलबाईंनी ते सुचवलं, हे मला नंतर कळलं.

मी ठरवूनच गेले होते की लगेच दावा टाकायचा. अर्जावर तीन महिन्यांत योग्य कारणाशिवाय निर्णय झाला नाही तर प्रशासकीय न्यायालयात खात्याच्या निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो, उनटेटिशकाइट्सक्लागे हा शब्द इथे प्रत्येक अर्जदाराच्या तोंडी असतो. समाजमाध्यमांवर सगळे तेच सांगतात, दावा टाका, महिन्यात काम होतं. वकीलबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "दाव्यानं खात्याला निर्णय द्यावा लागतो. पण तो होकाराचाच असेल असं दावा सांगत नाही. त्यांनी का थांबवलंय ते मला आधी वाचू द्या."

त्यांच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. पैसे घेऊन लगेच दावा टाकणं त्यांना सोपं होतं, मी तर त्यासाठीच आले होते. त्या दिवशी दावा गेला असता तर खात्यातल्या माणसानं ४७वं पान उघडलं असतं, साडेसात महिने मोजले असते आणि नकार दिला असता. मग त्या नकाराशी भांडण्यात किती काळ गेला असता कोण जाणे. रुग्णालयात आम्ही आधी रुग्णाचा तक्ता वाचतो, मगच सुई हातात घेतो. त्यांची पद्धत मला तिथेच ओळखीची वाटली.

फाईल पाहण्याचा हक्क अर्जदाराला कायद्यानं आहे. वकिलामार्फत मागितली तर ती सहसा वकिलाच्या कार्यालयात येते. माझी यायला पाच आठवडे लागले. एप्रिलअखेरीस त्यांनी बोलावलं, पडद्यावर ते पान दाखवलं आणि विचारलं, "२०२२ मध्ये तुम्ही मध्ये परत आला होतात का?" मी हो म्हटलं. "सिद्ध करू शकाल?"

इथे खरी अडचण आली. पासपोर्टवर जर्मनीत येताजाताना माझ्यावेळी शिक्के मारलेले नव्हते, वास्तव्याचा परवाना होता म्हणून. मोजायला होते ते भारतातले शिक्के, आणि मे महिन्यात भारतातून निघतानाचा शिक्का इतका फिका की तारीख वाचता येत नव्हती. जूनमधला येण्याचा शिक्का दुसऱ्याच पानावर, व्हिसाच्या जुन्या कागदाच्या कडेला अर्धा दडलेला. म्हणजे फॉर्म चुकीचा आणि पासपोर्टही त्या चुकीला दुजोरा देत होता. खात्यातल्या माणसाला मी पूर्ण दोष देत नाही. पण त्यानं विचारायला हवं होतं. एक पत्र, दोन ओळी. ते न करता त्यानं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि फाईल बाजूला ठेवली, हे मला अजूनही खुपतं.

वकीलबाईंनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला, त्यावर २० मे ते १४ जून असे पंचवीस चौकोन आखले आणि म्हणाल्या, प्रत्येक चौकोनात तुम्ही जर्मनीत असल्याचा काहीतरी कागद भरा. मी घरी जाऊन दोन दिवस शोधत बसले. ड्यूटीचा तक्ता सापडला, त्या पंचवीस दिवसांत माझ्या चौदा रात्री लागलेल्या होत्या, प्रत्येक रात्रीच्या हजेरीची वेळ नोंदलेली. मे आणि जूनची पगारपत्रकं, त्यांत रात्रपाळीचा भत्ता वेगळा दाखवलेला. दातांच्या डॉक्टरचं बिल. सुपरमार्केटमध्ये कार्डानं केलेली खरेदी, जवळपास रोजची. विमानाच्या तिकिटांच्या ईमेल. वडील आजारी असताना आणि गेल्यावर केलेली ती तिकिटं पुन्हा उघडताना मला रडू आलं. पण चौकोन भरत गेले. शेवटी फक्त दोन रिकामे राहिले, दोन्ही रविवार.

७ मेला त्यांनी खात्याला पत्र पाठवलं. मी ते अनेकदा वाचलंय. पावणेदोन पानं, एकही रागाचं वाक्य नाही. आधी म्हटलंय की अर्जात परदेशातल्या मुक्कामाची नोंद चुकीची आहे आणि ती दुरुस्त करत आहोत. मग तारखांचा तक्ता, त्याला जोडलेले पुरावे क्रमानं, मग १२ब कलम आणि त्याखाली एक ओळ की दोन्ही मुक्काम प्रत्येकी सहा महिन्यांच्या आतले असल्यानं वास्तव्यात खंड नाही. माझी चूक त्यांनी लपवली नाही, ती आपणहून आधी सांगितली. मला त्याची भीती वाटली होती. त्यांचं म्हणणं असं की नागरिकत्वाच्या अर्जात चुकीची माहिती आपणच दुरुस्त केली तर ती चूक ठरते, दुसऱ्यानं शोधली तर फसवणुकीसारखी दिसते.

पत्राला दिलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही. २७ मेला दावा दाखल झाला. न्यायालयाचं शुल्क ७९८ युरो आगाऊ भरावं लागलं. नागरिकत्वाच्या खटल्याचं मूल्य १०,००० युरो धरतात, त्यावरून ते ठरतं. तीन आठवड्यांत खात्याचं न्यायालयाला उत्तर आलं की अर्ज अंतिम टप्प्यात आहे, ताजी पगारपत्रकं पाठवावीत. प्रश्नचिन्हाचा उल्लेखही नव्हता. ऑगस्टमध्ये प्रमाणपत्रासाठी येण्याचं पत्र आलं.

पैशांचा हिशेब स्पष्ट लिहिते, कारण तो कुणी लिहीत नाही. वकीलबाईंशी सगळ्या कामाचे १५०० युरो अधिक कर असे ठरले होते, म्हणजे १७८५. लेखी करार झाला, सुरुवातीलाच. निष्क्रियतेच्या दाव्यात अर्जदाराला दावा टाकण्याआधीच निर्णयाची अपेक्षा ठेवण्याचा हक्क होता असं दिसलं तर खर्च खात्यावर पडतो, तसा तो पडला. न्यायालयाचे ७९८ परत आले. वकिलाची फीसुद्धा परत मिळते, पण कायद्यानं ठरलेली तेवढीच, माझ्या बाबतीत साधारण ९७० युरो. वरचे सुमारे ८१५ माझे गेले. हे असं होईल, ते त्यांनी करार करतानाच आकड्यांनिशी सांगितलं होतं. सल्लागार कंपनीचे ४९० मात्र मला परत मिळाले नाहीत, आणि त्यांच्या एका ओळीमुळेच तर हे सगळं घडलं. जर्मनीत कुणाच्या प्रकरणात पैसे घेऊन कायद्याचा सल्ला देण्याची परवानगी सरसकट कुणालाही नसते, हे ज्यांना अशा जाहिराती दिसतात त्यांनी लक्षात ठेवावं. आणखी एक, ज्या पानांवर अजून तीन वर्षांत नागरिकत्व असं लिहिलेलं दिसेल ती जुनी आहेत. विशेष प्रगती केलेल्यांसाठीची ती वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. पाच वर्षांची कायम आहे.

भारताच्या बाजूनं काय होतं, याबद्दल त्यांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं, "जर्मनी आता तुम्हाला दोन्ही ठेवू देते. तुमचा देश देतो का, ते मला माहीत आहे, पण त्या कायद्यात मी सल्ला देणार नाही. वाणिज्य दूतावासात विचारा." किती वकील असं म्हणतात? आमच्याकडच्या कित्येकांचा इथे गोंधळ होतो. जर्मन कायद्यानं दुहेरी नागरिकत्व मान्य केलं म्हणजे आपलंही राहील असं वाटतं. राहत नाही. १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि ओसीआयसाठी, म्हणजे मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांच्या कार्डासाठी, अर्ज करायचा. ओसीआयवर भारतात जन्मभर व्हिसाशिवाय येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मिळू शकते. जर्मन प्रमाणपत्र हातात आल्यानंतर जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. मी त्या मधल्या काळात भारतात जायचं नाही असं आधीच ठरवून घेतलं.

घरी यावर आम्ही बरेच दिवस बोललो. नवऱ्यानं अर्ज केला नाही. त्याला मतदानाचा हक्क सोडायचा नव्हता, आणि आईला काही झालं तर दोघांपैकी एकाकडे तरी भारताचा पासपोर्ट असावा असं त्याला वाटतं. मला त्याचं पटतं. मला माझंही पटतं. मी जिथे रोज रात्री लोकांची काळजी घेते तिथल्या निवडणुकीत मला बोलता यावं, एवढीच माझी इच्छा होती. वकीलबाईंनी यात एकदाही मत दिलं नाही.

आता उणिवा. फोन आठवड्यातून दोनच सकाळी लागतो, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी नऊला रांगेत संगीत ऐकत थांबणं फार जड जातं. फाईल येण्याच्या पाच आठवड्यांत मला त्यांच्याकडून एक अक्षर आलं नाही. काहीच घडत नव्हतं म्हणून कळवलं नाही, असं त्यांचं म्हणणं, पण "अजून आली नाही" एवढं कळवलं असतं तरी माझी झोप सुधारली असती. पत्रं जर्मनच्या अशा थरातली असतात की माझ्या बी-टूला दोनदा वाचावी लागली. आणि एक चूक त्यांच्या कार्यालयाकडून झाली. मुखत्यारपत्रावर त्यांच्या सहायकानं माझ्या नवऱ्याचं नाव माझं आडनाव म्हणून टाकलं. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं, मग आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र येतात. जर्मन फॉर्ममध्ये मधल्या नावाला जागा नसते, त्यामुळे इथे माझ्या रुग्णालयाच्या ओळखपत्रापासून विम्याच्या कार्डापर्यंत सगळीकडे नवऱ्याचं नाव माझं दुसरं नाव होऊन बसलंय. खात्यानं ते मुखत्यारपत्र परत पाठवलं आणि दोन आठवडे गेले. वकीलबाईंनी स्वतः फोन करून माफी मागितली. त्यानंतर त्यांनी मला विचारून माझ्या नावाची रचना एका चिठ्ठीवर लिहून घेतली आणि ती फायलीच्या पहिल्या पानावर लावली. जर्मन नागरिकत्व मिळाल्यावर नोंदणी कार्यालयात घोषणा करून नावाची मांडणी जर्मन पद्धतीत बसवता येते, हेही तेव्हाच सांगितलं. मी ती अजून केलेली नाही.

पाचपैकी चार तारे देईन. अर्धा फोनसाठी कापला, अर्धा त्या पाच आठवड्यांच्या शांततेसाठी.

त्यांच्या प्रामाणिकपणाचं आणखी एक उदाहरण सांगायलाच हवं. ऑगस्टमध्ये आईचा भेटीचा व्हिसा नाकारला गेला, कारण ती परत जाईल याची खात्री नाही. मी त्यांच्याकडे धावले. पूर्वी नकारावर फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून बंद केलाय. आता दोनच मार्ग, एक महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा किंवा नव्यानं अर्ज. त्यांनी आईचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, दाव्यात वर्ष जाईल, मी पैसे घेणार नाही, नवा अर्ज करा आणि या वेळी तिचं पेन्शनचं पत्र, घराची कागदपत्रं आणि ती ज्या नातवंडांना सांभाळते त्यांच्या आईवडिलांचं पत्र जोडा. पहिल्या अर्जात यांतलं काहीच नव्हतं, फक्त माझं हमीपत्र होतं. ९० युरो शुल्क भरून पुन्हा अर्ज केला. ऑक्टोबरमध्ये व्हिसा मिळाला. वकीलबाईंना त्या सल्ल्याचा एक सेंटही मिळाला नाही.

सप्टेंबरमधल्या एका बुधवारी मी प्रमाणपत्र घ्यायला गेले. नवरा बरोबर होता. आदल्या संध्याकाळी वकीलबाईंची एका ओळीची ईमेल आली होती: नागरिकत्व प्रमाणपत्र हातात पडल्या क्षणापासून सुरू होतं, घेण्याआधी नाव वाचा. खोली लहान होती, टेबलामागे एक अधिकारी बाई. राज्यघटनेचा आणि कायद्यांचा मान राखीन, देशाला हानी पोहोचेल असं काही करणार नाही, हे वाक्य मी उभं राहून वाचलं. आवाज थोडा कापला. त्यांनी कागद पुढे केला. मी म्हटलं, आधी वाचू का? त्या म्हणाल्या, निवांत वाचा. मी टेबलावरच वाकून एकेक अक्षर वाचलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव. सगळं बरोबर होतं. मग दोन्ही हातांनी तो कागद घेतला.